पुजलेला लॅपटॉप

माझ्या लॅपटॉपला वायफाय दिसेनासं झालं, त्या दिवशी घरात कुणाला वाईट वाटलं असेल तर मला तरी त्याची खबर नाही. दसरा होता. सासू पुरण वाटत होती, नवरा मोटारसायकलला झेंडूचा हार बांधत होता, आणि मी आतल्या खोलीत पलंगावर बसून पडद्याच्या कोपऱ्यातल्या लाल फुलीकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुण्याच्या एका कंपनीत माझी मुलाखत होती. घरी बसून हिशेबाचं काम, नोकरी माझ्या नावावर, पगार माझ्या खात्यात. मुलाखत लॅपटॉपवरच द्यायची, मोबाइल चालणार नाही, समोर काम करून दाखवावं लागेल, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. आणि लॅपटॉप म्हणत होता, जवळपास एकही नेटवर्क नाही.

मी जालन्याची. एम.कॉम. झाले, बियाण्याच्या एका कंपनीत हिशेबाला लागले, आणि त्या पगारातून हा लॅपटॉप घेतला. घेतला तेव्हाच जुना होता, पण ठोकळ्यासारखा मजबूत. लग्नात कपाट आणि भांड्यांबरोबर तोही तीर्थपुरीला आला. इथं नवऱ्याचं खताचं आणि औषधाचं दुकान आहे. आधी मी त्या दुकानाचं जीएसटीचं रिटर्न भरायला लागले. मग शेजारचा किराणावाला आला, मग हार्डवेअरवाला, मग कापडवाला. हे व्यापारी महिनाभराची बिलं पिशवीत कोंबून नवऱ्याच्या दुकानात आणून द्यायचे, नवरा संध्याकाळी पिशवी माझ्यापुढं टाकायचा, आणि मी ती बिलं सरळ करत, जुळवत, चुका काढत बसायचे. रिटर्न भरताना व्यापाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो मागायचा फोन मात्र नवरा करायचा, कारण घरच्या बाईनं बाजारातल्या माणसांना फोन लावायचा नाही, ही या घरची रीत. “शेठ, ओटीपी सांगा,” एवढं तो बोलायचा आणि आलेले आकडे मोठ्यानं म्हणायचा. टाकायचे मी.

सासूचं या सगळ्यावर एक ठरलेलं मत होतं. आल्या-गेल्याला ती सांगायची, “माझा लेक सांगतो आन्‌ ही बडवती.” बडवती म्हणजे टाइप करते. मी सुरुवातीला हसायचे. पुढं हसणं बंद झालं, पण तोंड उघडून सांगावं असं कधी वाटलं नाही. म्हटलं, म्हातारीला काय कळतंय, बोलू दे.

तर त्या दसऱ्याच्या दुपारी मी बिघाडाच्या मागं लागले. एरवी वायफायची यादी उघडली की आमचं नेटवर्क वर दिसायचं आणि खाली मेडिकलचं, पिठाच्या गिरणीचं, पलीकडच्या गल्लीतल्या कुणाचं तरी. आता यादीच नव्हती. लॅपटॉप बंद करून चालू केला. हॉलमधला राऊटर काढून परत लावला. मोबाइलवर बघितलं तर नेट मस्त चालू, गिरणीचंही दिसतंय. म्हणजे राऊटर चांगला, दुखणं लॅपटॉपचं. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघितलं, तेही त्याला दिसेना. विमानाचं चित्र असलेला मोड चुकून लागला असेल म्हणून तपासला, लागलेला नव्हता. बिघाड शोधायचं लॅपटॉपमध्येच एक साधन असतं, ते चालवलं. त्यानं बराच वेळ हिरवी पट्टी पळवली आणि सांगितलं की बिघाड सापडला नाही. मला इतका संताप आला की त्या पट्टीला शिवी दिली. जोरात दिली.

“सणासुदीचं तोंड सांभाळ गं!” सासू चुलीपाशून ओरडली.

ती आधीच माझ्यावर खवळलेली होती. मला पाळी आली होती. या घरात त्या दिवसांत देवाजवळ आणि चुलीजवळ जायचं नसतं. भांडी, धुणं, झाडलोट, रानातलं काम, हे सगळं चालतं बरं का, त्याला विटाळ होत नाही. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिनं मला सकाळीच शेतावर पाठवलं होतं, कापूस वेचायला लावलेल्या बायकांवर ध्यान ठेवायला. दिवसभर उन्हात उभी होते. दसऱ्याचा सगळा स्वयंपाक तिच्या एकटीवर पडला म्हणून सकाळपासून टोमणे चालू होते. “सणाच्या टायमालाच बराबर येती हिची अडचण.” जशी काही मीच तारीख काढून घेतली होती!

नवऱ्याला आत बोलावलं. त्यानं दारातूनच बघितलं. “जुनं झालं ते. फेकून दे. मी कवाचं सांगून राह्यलो.”

“उद्या मुलाखत आहे.”

“मंग मोबाइलवर दे.”

“मोबाइलवर चालत नाही म्हणून तुम्हाला सांगितलं होतं.”

“असं व्हय,” म्हणाला आणि परत हाराकडं गेला. मोटारसायकलचा हार मात्र एवढा नीट बांधत होता की बघत राहावं. माझ्या कामाला त्याच्याजवळ तेवढासुद्धा वेळ नव्हता, आणि मला त्याचा मनापासून राग आला.

मोबाइलला केबल लावून नेट घेता येतं, ते केलं. घरातली केबल नुसती चार्जिंगची निघाली, लॅपटॉपला त्यातून काहीच कळेना. राऊटरपासून जाड वायर टाकावी, तर वायर नाही. बाजार बंद. शेवटी तीर्थपुरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन केला. मीच केला. रीत गेली खड्ड्यात.

त्यानं सगळं ऐकायच्या आधीच निकाल दिला. “वायफाय कार्ड उडालं ताई. जालन्याहून मागवावं लागंल.”

“कार्ड उडालेलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतंय. नीट चालू आहे असं लिहून येतंय. मी ड्रायव्हर काढून परत टाकला, तरी तेच.”

“ताई, तुम्ही त्याच्यात कशाला हात घातला? तुमचे मिस्टर हायेत का? त्यांना द्या बरं.”

“मिस्टर हार बांधतायत.”

“मंग परवा घेऊन या. आज दसरा हाय.” फोन ठेवून दिला.

उंटावरचा शहाणा! न बघता कार्ड उडवलं, आणि वर मिस्टरांना द्या. मिस्टरांना ड्रायव्हर म्हटलं की ट्रॅक्टरचा आठवतो. मी त्या दुपारी पुरणाची पोळी खाल्लीच नाही. भूकच मेली होती. आणि ही नोकरी हातची गेली तर पुढं काय, हे मला चांगलं माहीत होतं. पिशव्या, बिलं आणि “ही बडवती”. जन्मभर.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागले. आपट्याची पानं द्यायची, पाया पडायचं, चहा प्यायचा, जायचं. मी आतल्या खोलीत, लॅपटॉप मांडीवर, दार लोटलेलं. हॉलमधलं सगळं ऐकू येत होतं. किराणावाले शेठ आले. हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. यांची बिलं सगळ्यात घाण. तेलाचे डाग, पेनानं खोडाखोड, एकाच नंबरची दोन बिलं. एकदा त्यांचा मोठा घोळ मी बिलाला बिल लावून निस्तरला होता, त्यात डोळे सुजले होते.

“सोनं घ्या भाऊ, सोन्यावानी राहा,” शेठ म्हणाले. “तुमच्यामुळं औंदा आपल्याला एकदाबी दंड लागला न्हाई बघा. तो घोळ तुम्ही काढला म्हणून, न्हाईतर मेलो असतो. एवढं डोकं कुठून आणता हो?”

मी कान टवकारले. मला वाटलं, आता तरी हा म्हणेल. हसत म्हणेल, चेष्टेत म्हणेल, पण म्हणेल की शेठ, ते डोकं आतल्या खोलीत बसलंय.

“चालतंय हो,” नवरा म्हणाला. “रोजची सवय झाली आता.”

रोजची सवय! तळपायाची आग मस्तकात गेली. सासू तिथंच होती. ती म्हणाली, “लहानपणापून हिशेबाला लई हुशार हाय तो.” आणि शेठनं बराबर, बराबर म्हणून चहाचा घोट घेतला. म्हणजे सासू काही अडाणीपणानं बोलत नव्हती. तिला तसंच सांगितलेलं होतं. बाजारालाही तसंच सांगितलेलं होतं. आयत्या बिळावर नागोबा माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर झोपत होता आणि मला इतक्या दिवसांत पत्ता नव्हता.

पाहुणे गेल्यावर तो आत आला, तसं मी दार लावून घेतलं.

“काय सवय झाली तुम्हाला रोजची?”

त्याला लगेच कळलं. एवढं एक मात्र त्याला लगेच कळतं. “अगं, धंद्यासाठी बोलावं लागतं. बाईमाणूस करतंय म्हणलं असतं तर एकानं तरी पिशवी दिली असती का?”

“नसती दिली. मग पिशव्या सुरू झाल्यावर सांगायचं. चार रिटर्नं नीट गेल्यावर सांगायचं.”

“आता काय दवंडी पिटू का गावात?”

“दवंडी नको. एक फोन करा. उद्या ते लोक विचारतील, तुम्ही कुणाकुणाचं काम करता. मी या शेठचाच नंबर देणार आहे. त्यांना सांगा की काम बायको करते. बस.”

“माझी काय इज्जत राहील?”

“आणि माझी? तुमची इज्जत माझ्या कष्टावर उभी आहे, एवढं तरी कळतंय का?” माझा आवाज चढला. तो दाराकडं बघायला लागला, आईला ऐकू जाईल म्हणून. मी मुद्दाम आणखी चढवला.

“सांगतो, सांगतो,” म्हणाला. “उगी गाव गोळा करू नको.”

सकाळी उठल्याबरोबर मी विचारलं, सांगितलं का? “हो, सांगितलं,” तो दात घासत म्हणाला. मी विश्वास ठेवला. मनात दुसरीच धाकधूक होती, लॅपटॉप अजून आंधळाच होता. मी परत सगळं पहिल्यापासून करून बघत होते. तेच साधन, तीच हिरवी पट्टी, तेच उत्तर. रडू येत होतं, पण या घरात रडायचं नाही असं मी ठरवलं होतं.

सासू दारात येऊन उभी राहिली. आत येईना, मी बाहेरची ना. तिथूनच म्हणाली, “एवढी पूजा करून ठिवलं, तरीबी बिगडलं व्हय गं ते?”

“कसली पूजा?”

“खंडेनवमीची. इळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, आन्‌ हे. सगळे पाटावर मांडले व्हते. माझ्या लेकाच्या कामाचं हत्यार हाय, मंग ते कसं सोडायचं? उगी वरवर न्हाई केली. तुझा हात लागलेला व्हता, म्हणून आदी गोमूत्र शिंपडलं, मंग वल्ल्या फडक्यानं चांगलं खसाखसा पुसलं, मंग हळद-कुंकू, अक्षता, फूल. सगळं बराबर केलं, सांजच्याला वरचं पुसून परत कपाटात ठिवलं.”

मी शेतात उन्हात उभी होते तेव्हा हिनं माझं कपाट उघडलं, माझा लॅपटॉप काढला, माझा विटाळ पुसून टाकला आणि तो माझ्या नवऱ्याच्या नावानं पुजला.

“आत्या, त्याच्यात करंट असतो! त्याच्यावर पाणी टाकतं का कुणी?”

“पाण्याच्या मोटरीत न्हाई का करंट? तिची बी पूजा व्हती. काय व्हत न्हाई तिला.”

मला आधी वाटलं, गोमूत्र आत गेलं, संपलं, दुरुस्तीवाला न बघताच खरं बोलला. मी लॅपटॉप उलटा केला, खिडकीपाशी नेला. खालच्या जाळीवर ओलीचा डाग नव्हता. कडेकडेनं बोट फिरवत गेले. पुढच्या कडेला, जिथं आपलं मनगट टेकतं त्याच्या खाली, एका खाचेत पिवळं काहीतरी सुकून बसलं होतं. हळद. आणि त्या हळदीत एक तांदळाचा दाणा, घट्ट रुतलेला. सेफ्टीपिन काढून मी तो दाणा उकरला. खाचेत नखाएवढं एक बटण होतं, सरकवायचं. बाजूला मनोऱ्याचं आणि लहरींचं बारीक चित्र. वायफाय चालू-बंद करायचं बटण! इतकी वर्षं ते चालूच्या बाजूला होतं, म्हणून ते बटण आहे हेच मला कधी कळलं नव्हतं. वाटायचं, नक्षी आहे. सासूच्या खसाखसा फडक्यानं ते बंदकडं सरकलं, हळद-कुंकवाचा लगदा वर बसला आणि अक्षतेनं खुट्टी मारली.

मी बटण सरकवलं. लाल फुली गेली. आमचं नेटवर्क आलं, मेडिकलचं आलं, गिरणीचं आलं. गिरणीचं नाव बघून मला कधी एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

“लागलं का?” सासूनं विचारलं.

“तुम्हीच बंद केलं होतं.”

“मी? मी तर पूजा केली,” ती म्हणाली. आणि खरं सांगते, तिला खरंच वाटत होतं की पूजेमुळंच ते परत लागलं. तिच्याशी भांडायला माझ्याकडं वेळ नव्हता. साडी बदलली, केस नीट केले, टेबल भिंतीला लावून घेतलं.

अकराला मुलाखत सुरू झाली. पडद्यावर एक मॅडम आणि एक सर. थोडं इंग्रजीत विचारलं, मग मॅडम सरळ मराठीवर आल्या. नवरा पलीकडं पलंगावर बसला होता, कॅमेऱ्यात येणार नाही असा. त्याला बाहेर जा म्हटलं तर म्हणाला, मधीच नेट गेलं तर? जसं काही तोच आणून देणार होता. सासू उंबऱ्याच्या पलीकडं पाट टाकून बसली, पदर तोंडाशी. परकी माणसं घरात बोलणार म्हणजे तिला बघायचंच होतं.

सुरुवात चांगली झाली. त्यांनी विचारलेलं मला येत होतं. खरेदीच्या बिलाचा मेळ लागला नाही तर काय करता, उशीर झाला तर काय करता, चुकीचा आकडा गेला तर पुढच्या महिन्यात कसा दुरुस्त करता. मी बोलत होते आणि माझं मलाच बरं वाटत होतं. कुणीतरी मला माझ्या कामाबद्दल विचारत होतं. मग मॅडम म्हणाल्या, “तुमच्या एखाद्या क्लायंटशी आम्ही आत्ता बोललो तर चालेल का? हे आम्ही सगळ्यांच्याच बाबतीत करतो.”

मी किराणावाल्या शेठचा नंबर दिला. बिनधास्त दिला. नवऱ्यानं सांगितलं होतं ना.

सरांनी मोबाइल लावून स्पीकरवर ठेवला. आवाज माझ्यापर्यंत स्पष्ट येत होता. शेठनं आधी दोनदा कोण, कोण विचारलं, मग म्हणाले, “बाई? न्हाई हो. वैनींचा काय संबंध? रिटर्न समदं भाऊ करतात. ओटीपीसुद्धा तेच मागतात आमाला. कवापासून करून राह्यले ते.”

सरांनी आभार मानून फोन ठेवला. मॅडम कागदाकडं बघत राहिल्या. मी मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. नुसतं बोट वर-खाली करत होता. म्हणजे फोन केलाच नव्हता. दात घासता घासता खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यावर मी माझी नोकरी टाकली होती. मला त्या क्षणी तो माणूस इतका परका वाटला, की हा माझा कोण लागतो असा प्रश्न पडला.

“मॅडम, ओटीपी माझे मिस्टर मागतात,” मी म्हणाले. “काम मी करते.”

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा सूर बदललेला होता. “आम्ही कळवतो तुम्हाला.”

कळवतो म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आणि नेमकं तेव्हा सासू उठली. पाळी, विटाळ, सगळं विसरून ती उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या खुर्चीमागून कॅमेऱ्यात वाकली.

“साहेब, तो दुकानदार खरं बोलला बघा. माझ्या लेकाचंच काम हाय ते. ही त्याच्या हाताखाली बडवती. नोकरी द्यायची तर त्याला द्या, तो लई हुशार हाय.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला जे सांगितलं, ते ती सांगत होती. मी खुर्चीवरून उठले, लॅपटॉप उचलला आणि पलंगावर नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. कॅमेरा थेट त्याच्या तोंडावर.

“मॅडम, एक मिनिट थांबाल का? हे माझे मिस्टर. हेच काम करतात म्हणे. तुम्ही मला जे दाखवायला सांगणार होता, ते यांना सांगा.”

“अगं ए,” तो पुटपुटला.

मॅडमनी चष्मा वर केला. बाईनं बाईची नस ओळखली असावी, कारण त्यांनी कॉल कापला नाही. शांतपणे म्हणाल्या, “सर, किराणा दुकानाचं मागच्या महिन्याचं रिटर्न उघडून दाखवता का? कुठलंही चालेल, तुमच्या स्वतःच्या दुकानाचंसुद्धा.”

तो पडद्याकडं बघत राहिला. एक बोट त्यानं टचपॅडवर ठेवलं. बाण कुठंतरी कोपऱ्यात गेला. त्यानं बोट उचललं, परत ठेवलं. पडद्यावरची मुलाखतीची खिडकी लहान कशी करायची, हेच त्याला येत नव्हतं. रिटर्न तर लांबच.

“दाव ना रे,” सासू म्हणाली. कौतुकानं म्हणाली. लेकाचं डोकं पुण्याच्या माणसांनी बघावं म्हणून ती त्याच्या शेजारी येऊन उभी होती. “दाव त्यांना, बराबर दाव.”

त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता. हळूच सांग, कुठं दाबायचं ते. एरवी मी सांगितलं असतं. चारचौघांत नवऱ्याची अब्रू झाकायची, हे मलाही शिकवलेलंच होतं. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

“हे... नेट गेलंय वाटतं,” तो म्हणाला.

“नाही सर,” पडद्यातून मॅडमचा आवाज आला. “आम्हाला तुम्ही अगदी स्पष्ट दिसताय.”

सासूनं पडद्याकडं बघितलं, तिथं तिच्या लेकाचा चेहरा एका चौकोनात दिसत होता, घामेजलेला, तोंड उघडं. मग तिनं खऱ्या लेकाकडं बघितलं. ती पाचवीसुद्धा शिकलेली नाही, पण लेकाचं खोटं तिनं लहानपणापासून बघितलेलं होतं, ते ओळखायला तिला शाळा लागत नव्हती.

“तुला येत न्हाई?” तिनं विचारलं.

“आई, ते नेट...”

“तुला येत न्हाई,” तिनं परत म्हटलं, या वेळी विचारलं नाही, सांगितलं. “समद्या गावात मला खोटं बोलायला लावलंस.” मग माझ्याकडं न बघता, त्याच्या खांद्यावर एक चापट मारून म्हणाली, “ऊठ. बसू दे तिला.”

तो उठला. मी बसले, लॅपटॉप मांडीवर नीट केला आणि म्हणाले, “विचारा, मॅडम.”